मनाचा पंचनामा
४ मे २०१४ रोजी नागोठणे-रोह्यादरम्यान दिवा-सावंतवाडी पॅसेंजर घसरली. मृतांचा, जखमींचा आकडा लागला, भरपाई जाहीर झाली. पण अशा अपघातातून धडधाकट सुटलेला माणूस पुढे इंजिनाच्या शिटीने दचकून उठतो, तो कुठल्या रकान्यात? घरचे म्हणतात, ‘विसर आता.’ (विसरता आले असते तर!)

२०१७च्या कायद्याने मानसोपचार हा हक्क ठरला. टेली-मानसच्या १४४१६ वर मध्यरात्रीही फुकट, मराठीत बोलता येते. तो फोन जरूर करावा. मात्र आघातावरचा उपचार एका फोनात भागत नाही, त्याच माणसासमोर अनेक आठवडे बसावे लागते. जिल्हा रुग्णालय अलिबागला. प्रत्येक खेपेला रोह्याच्या मजुराचा रोज बुडतो. पेण-रोह्याच्या सरकारी रुग्णालयांत त्यासाठी एक वार ठरवा आणि दर खेपेला तोच तज्ज्ञ ठेवा. रुग्णानेही पहिल्याच भेटीत विचारावे: अपघातातून वाचलेल्यांवर तुम्ही उपचार केले आहेत का?