गोधडीची शिलाई किती?

वऱ्हाडातल्या बोरी अरबला माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउजचे किती, पायजम्याचे किती, हे गिऱ्हाईक पायरीवरूनच विचारतं. माझ्या दुकानातल्या चिंध्या पिशवीत भरून नेणाऱ्या बायांना मात्र गोधडीची शिलाई किती, असं विचारलेलं मी ऐकलं नाही. एकदा मीच एका मावशींना विचारलं. त्या हसल्या, "पैसे कायचे मांगू भाऊ? गोधडीच त हाय."

उन्हाळ्यात शेतातली कामं आटोपली की गोधडी अंथरली जाते. खाली जुनं लुगडं, मधे धोतरं नि विरलेल्या चादरी, वर रंग जुळवून लावलेली ठिगळं. काठापासून धावदोरा घालत आत आत सरकायचं. मधे गुठळी नको, ताण नको. मशीनखाली एवढे थर सरकतात आणि चुण्या पडतात. हे धंदेवाईक शिंपी म्हणून सांगतो. जुन्या गोधड्या मऊ, कारण त्या सुती. आता घरोघरी सिंथेटिक साड्या, त्यात घाम मुरत नाही. कापसाच्या जिल्ह्यात सुती लुगडं शोधावं लागतं, याला काय म्हणावं!

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत भाव आला. त्याच अमेरिकेच्या कापूसपट्ट्यात, अलाबामातल्या जीज बेंड गावी, गुलामांच्या वंशातल्या बायांनी कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या संग्रहालयात लागल्या, त्याही शिवणारीच्या नावासकट. २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. तरी पैशाचा प्रश्न सुटला नाही. त्या शिवणाऱ्यांपैकी ॲनी मे यंग आणि लोरेटा पेटवे यांनी २००७ मध्ये मोबदल्यासाठी कोर्टात दावे लावले.

आपल्याकडे तर नावही नाही. शहरातल्या प्रदर्शनात गोधडीला दुकानाचा टॅग असतो, शिवणारी कोण ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणून दोन गोष्टी सांगतो. घरातल्या जुन्या गोधडीच्या काठावर आजीचं नाव आणि गाव दोऱ्याने घालून ठेवा, सांगणारं माणूस आहे तोवर. आणि नवी शिवून घ्याल तेव्हा दिवस मोजा. निंदणाला जी रोजी देता, तेवढी तरी त्या बाईच्या हातावर ठेवा.