सत्राचा जमाखर्च

प्रथम सत्र संपत आले की वर्गावर्गांतून संकल्पांना बहर येतो. कोणी पहाटे चार वाजता उठण्याचे ठरवितो, कोणी वर्गात पहिला येण्याचे. या संकल्पांविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतील कित्येक घरे एका खोलीची; पहाटे दिवा लावला तर चार माणसांची झोपमोड व्हावयाची. वडील रात्रपाळी करून आले की दिवसा झोपणार. तेव्हा मोठ्याने पाठांतर करावयाची सोय नाही. ज्या घरात राहावयाचे त्या घराचा विचार न करता केलेला संकल्प टिकावा कसा?

सुरतेचा व्यापारी या बाबतीत आमच्याहून शहाणा. दिवाळीस तो नव्या चोपडीची पूजा करतो, कारण कार्तिक शुद्ध प्रतिपदेस येथे नवे विक्रम संवत लागते. परंतु त्याआधी जुन्या चोपडीतील येणे-देणे तो नीट पाहून घेतो. आपले नवे वर्ष गुढीपाडव्यास, हे खरे. तथापि, ज्या शहरात सत्र आणि संवत एकाच सुमारास संपतात, तेथील विद्यार्थ्यांनी ही रीत उचलावी, असे आम्हांस वाटते.

लिहून ठेवण्याचे महत्त्व सांगणारा एक दाखला याच शहरातला आहे. इ.स. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि दादोबा पांडुरंग यांनी इतर मित्रांसह सुरतेत मानवधर्म सभा स्थापिली. दादोबा म्हणजे मराठीचे व्याकरणकार. त्यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले होते आणि त्या काळी ते येथील इंग्रजी शाळेत काम करीत होते. एक गुजराती शिक्षक आणि एक मराठी शिक्षक एकत्र बसून जातिभेदाविरुद्ध बोलत होते, ही गोष्ट आपल्या शाळांतून वारंवार सांगितली पाहिजे. दुर्गारामांनी सभेच्या कामाची नोंद ठेवली, आणि तिच्या आधारे महीपतराम रूपराम यांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले. नोंद नसती तर त्या सभेत काय बोलले गेले, हे आज कोणास कळले असते?

आता आपल्या चोपडीकडे वळू. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढे सुरतेत मोठा प्रश्न आहे तो गुजरातीचा. घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर हिंदी. गुजराती मात्र पुष्कळांच्या कानांवर येते, लेखणीत येत नाही. लिपी शेजारचीच आहे. शिरोरेषा नाही, अ, ख, ज अशा काही अक्षरांचे वळण निराळे, एवढाच काय तो फरक, आठवड्याचे काम. खरी गंमत शब्दांत आहे. ‘शीखवुं’ म्हणजे शिकणे; मराठी कानाला ते शिकविण्यासारखे वाटते. ‘मने गुजराती आवडे छे’ असे कोणी म्हटले तर त्याला गुजराती प्रिय आहे असे नव्हे, त्याला गुजराती येते! आम्हांस हे दोन्ही अर्थ एकदमच लागू व्हावेत, अशी आमची इच्छा आहे.

काही पालकांस वाटते की गुजराती शिकण्यात मराठीची हानी आहे. आम्हांस तसे वाटत नाही. दहावीनंतर मराठी माध्यमाची वाट येथे अरुंद होते. पुढील वर्गात फळ्यावरचे गुजराती वाचता आले नाही, तर हुशार मुलगाही मागे पडतो, आणि यंत्रमागाच्या कारखान्याचे दार तर कोपऱ्यावरच उघडे असते. ज्या कवी नर्मदांचे नाव येथील विद्यापीठास दिले आहे, त्यांनी १८५८ साली शिक्षकाची नोकरी सोडून लेखणीवर जगण्याचा निश्चय केला. त्यांचा ‘नर्मकोश’ पूर्ण छापून झाला तो १८७३ साली. निश्चय एका दिवसाचा, काम वर्षांचे. आम्ही कोश रचणार नाही. रोज पाच शब्द मात्र लिहू शकतो.

म्हणून द्वितीय सत्रासाठी आम्ही जे योजिले आहे ते लहान आहे. शंभर पानी वही घ्यावयाची. तीत गुजरातीचे पाच शब्द मराठी अर्थासह, त्या दिवशी सुटलेले एक गणित, आणि न सुटलेले असल्यास तेही, गुरुजींस विचारण्यासाठी. आठवड्यातून एकदा घरातील एखादा गुजराती कागद, मग तो विजेच्या बिलाचा असो की पालिकेच्या सूचनेचा, आईस वाचून दाखवावयाचा. तिला कागद समजतो आणि आमचा धडा होतो.

एक गोष्ट राहिली. दिवाळीत उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाड्या आपल्याच मंडळींनी भरून जातात. गावी जावे, आजीच्या हातचे खावे. पण कोणाचे लग्न, कोणाचे शेत म्हणून परतणे लांबते आणि द्वितीय सत्राचे पहिले धडे निसटतात. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर परतीच्या तिकिटाची तारीख लिहावी, आणि ती आधी वडिलांस दाखवावी.