दिवाळीचा बोनस आणि नाताळची खरेदी

नाताळच्या वाढत्या खर्चाचा विषय निघाला की चंगळवादाला दोष देऊन आपण मोकळे होतो. आम्हांला हे निदान अपुरे वाटते. वसईतील पगारदार ख्रिस्ती कुटुंबाची डिसेंबरात जी ओढाताण होते तिचे एक साधे कारण दिनदर्शिकेत आहे.

लेखावर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत बोनस द्यावा, असा कायदा आहे. 31 मार्चपासून मोजल्यास ही मुदत नोव्हेंबरअखेर भरते आणि प्रथेनुसार बोनस बहुधा दिवाळीपूर्वीच हाती येतो. नेमका त्याच सुमारास सवलतींचा बाजारही भरात असतो. फ्रिज किंवा मोबाइल घरी येतो, रक्कम संपते. नाताळ उजाडतो त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, आणि मुलांचे कपडे, केक-करंज्यांचे साहित्य, गोठ्याची सजावट, भेटवस्तू या साऱ्यांचा भार नोव्हेंबरच्या एका पगारावर पडतो. त्यातच आगमनकाळात सहसा लग्ने होत नसल्यामुळे 26 डिसेंबरपासून आमंत्रणांची रीघ लागते. प्रत्येक आमंत्रणामागे आहेर आलाच.

ही पोकळी कर्जाने भरून काढण्याची सोय आता खिशातल्या मोबाइलवरच उपलब्ध आहे. 'नो कॉस्ट ईएमआय' हा त्यातील सर्वांत गोड शब्द. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मधील परिपत्रकात बँकांना बजावले होते. तरीही नाव बदलून ही योजना बाजारात आहे. 24,000 रुपयांचा मोबाइल दरमहा 2,000 रुपयांच्या बारा हप्त्यांत घेतला असे समजू. बँक व्याज लावतेच. तेवढीच सूट विक्रेता किमतीत देतो, म्हणून ते दिसत नाही. वर्षाला 15 टक्के दर धरला तर हे व्याज सुमारे 1,840 रुपये होते. त्यावरील 18 टक्के जीएसटी, म्हणजे 330 रुपये, ग्राहकालाच भरावा लागतो. प्रक्रिया शुल्क दोनशेच्या घरात धरले तर एकूण साडेपाचशे रुपये अधिक जातात. शिवाय रोखीने घेतल्यास मिळू शकणारी सूट गेली ती वेगळीच.

क्रेडिट कार्डाच्या बिलावरील 'किमान देय रक्कम' याहून घातक आहे. समजा, नाताळची 20,000 रुपयांची खरेदी थकली आणि जानेवारीपासून आपण दरमहा केवळ पाच टक्के, म्हणजे पहिल्या खेपेस 1,000 रुपये भरू लागलो. अनेक कार्डांवर व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. त्या हजारातील 700 रुपये व्याजात व 126 रुपये जीएसटीत गेले. मूळ कर्ज फिटले अवघे 174 रुपये! बाकी थकलेली असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते, हे कार्ड देणारा सहसा सांगत नाही.

घाईचे वातावरणही मुद्दाम निर्माण केले जाते. 'दोनच नग शिल्लक', 'सवलत संपायला दहा मिनिटे' असा खोटा तगादा लावणे आणि न मागितलेली वस्तू वा सेवा ग्राहकाच्या यादीत हळूच घालणे, अशा 13 फसव्या क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी मनाई केली. अशी फसवणूक झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आपल्यापैकी किती जण करतात, हा प्रश्न आहेच.

मग करावे काय? आमच्या मते आधी रक्कम ठरावी, नंतर नावे आणि सर्वांत शेवटी वस्तू. आपण नेमके उलटे करतो. रकमेत लग्नांचे आहेर आधीच धरावेत. भावंडांनी मिळून एकच आहेर करण्यात कमीपणा नाही. मोठ्या कुटुंबात प्रत्येकाने प्रत्येकाला भेट देण्याऐवजी चिठ्ठ्या टाकून एकाने एकालाच द्यावी. पंधरा माणसांच्या घरात दोनशे दहा भेटींच्या जागी पंधराच लागतात, आणि त्या विचारपूर्वक निवडता येतात. शेजारी पाठवायच्या फराळाच्या ताटलीला मात्र कात्री लावू नये. ती स्वस्तही आहे आणि तिची वाटही पाहिली जाते.

25 डिसेंबर ही अखेरची तारीख बाजाराची आहे, उपासनेची नव्हे. त्या दिवशी नाताळचा काळ सुरू होतो. स्पेनमध्ये मुलांना भेटी मिळतात त्या प्रामुख्याने 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणाला, आणि संत मत्तयच्या शुभवर्तमानातील सोने, ऊद व गंधरसही बाळाच्या जन्मानंतरच पोहोचले होते. मोठी वस्तू त्या सणापर्यंत लांबवली तर मधे डिसेंबरचा पगार येतो व कर्ज टळते. मुलांना हे आधी, आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यातच सांगावे. ऐन नाताळच्या सकाळी सांगितले तर ती रुसणारच.

आणि पुढच्या दिवाळीत बोनस हाती येताच त्यातील तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकावा, ज्या खात्याचे कार्ड घरात कोणाकडेच नाही.