रेडिओवरून बँक समजावणारा अध्यक्ष

मार्च १९३३ मध्ये अमेरिकेत ठेवी काढायला बँकांपुढे झुंबड उडाली होती. ४ मार्चला अध्यक्षपदाची शपथ घेतलेल्या रूझवेल्ट यांनी देशभरातल्या बँका काही दिवस बंद ठेवल्या आणि १२ मार्चच्या रविवारी रात्री ते रेडिओवर बोलले. घोषणा नाहीत, कोणावर आगपाखड नाही. तुम्ही भरलेला पैसा बँक तिजोरीत ठेवत नाही, कर्जात आणि रोख्यांत गुंतवते. सगळेच एकदम मागायला आले तर चांगली बँकही देऊ शकत नाही, एवढे त्यांनी घरगुती भाषेत सांगितले. (आम्हा कारकुनांनाही ते इतके सोपे करून सांगता येत नाही!) सगळ्याच बँका पुन्हा उघडतील असे नाही, हेही लपवले नाही. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडू लागल्या आणि लोक काढलेली रोकड परत भरायला आले.

आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून नोटाबंदी जाहीर केली. नोटा बदलून घेण्याची मर्यादा आधी ४००० रुपये, मग ४५००, मग २०००, आणि २४ नोव्हेंबरनंतर बदलणेच बंद. २७ नोव्हेंबरला रेडिओवरच्या ‘मन की बात’मध्ये बँक कर्मचाऱ्यांचे कौतुक झाले. बरे वाटले. पण मर्यादा का बदलली, हे रांगेतली माणसे काउंटरवरच विचारत होती.