टोपणनावाच्या बाजूने

बहिणीबरोबर भाचीच्या कॉलेजातल्या पालकसभेला गेले होते. पाहुणे वक्ते मुलांच्या मोबाइल-वापराविषयी दीड तास बोलले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आजच्या मुलांना स्वतःचा चेहराच उरलेला नाही. घरात एक, वर्गात दुसरा, इन्स्टाग्रामवर तिसरा. आत-बाहेर सारखा असतो तोच खरा माणूस, बाकी ढोंग. आमच्या वेळी असं नव्हतं. म्हणून मुलांचे पासवर्ड आईवडिलांकडे हवेत आणि ऑस्ट्रेलियासारखी बंदी इथेही हवी. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. आठवडा झाला, डोकं अजून तापलेलंच आहे.

‘आमच्या वेळी’चा निकाल आधी लावते. आमच्या वेळी रंगवलेल्या धबधब्यापुढे, स्टुडिओवाल्याचाच कोट अंगावर चढवून फोटो काढले जात. लग्नाच्या बायोडेटात सावळ्या मुलीला ‘निमगोरी’ लिहिणारी पिढीही आमचीच. एवढं पुरे.

आता ते ‘आत-बाहेर सारखा’. धुळ्याकडचा, घरी अहिराणी बोलणारा मुलगा घ्या. शाळेत पहिल्या दिवसापासून त्याला ‘नीट बोल’ म्हणून बजावलं जातं. वक्तृत्व स्पर्धेत ‘पाणी’चं ‘पानी’ झालं की गुण कापतात. हा वाद मी वीस वर्षं घालते आहे, शिक्षकांशी आणि स्पर्धांच्या परीक्षकांशीही. उत्तर ठरलेलं असतं: प्रमाणभाषा यायलाच हवी. यायलाच हवी, मी कधी नाही म्हटलं? पण ती येण्यासाठी आजीची बोली दाराबाहेर काढून ठेवायला का लावता, एवढंच मी विचारते, आणि तिथे चर्चा संपते. म्हणजे आतला मुलगा वेगळा आणि बाहेरचा वेगळा, हे आपणच घडवलं. जो त्यात तरबेज झाला त्याला ढाल दिली, प्रमाणपत्र दिलं. तेव्हा ढोंग हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही. त्याला संस्कार म्हणत होतो.

आणि आज तोच मुलगा मोबाइलसमोर उभा राहून अहिराणीत बोलतो. आजीची चूल, तिच्या तोंडच्या शिव्या, बांधावरून झालेलं भांडण, सगळं त्यात येतं. खाली जळगाव-नंदुरबारची माणसं अहिराणीतच दाद देतात. जी भाषा वर्गात चूक ठरली तिच्यात बोलल्याबद्दल त्याला आयुष्यात पहिल्यांदा शाबासकी मिळते. वक्त्यांच्या हिशेबात वर्गातला तो खरा आणि रीलमधला खोटा. मला नेमकं उलट दिसतं.

मराठी माणसाने तरी दुसऱ्या नावाला खोटं म्हणू नये. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून लिहिली आणि विनोद ‘बाळकराम’ म्हणून. यातले खरे गडकरी कोणते, असं कुणी विचारत नाही. पण माझ्या मनात आहे ती विभावरी शिरूरकर. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात आणि शरीरात काय चालतं ते त्यात मांडलेलं होतं. समाज खवळला. ही विभावरी आहे तरी कोण, म्हणून शोध सुरू झाला. ती होती बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. मुलींना शिकवणाऱ्या एका बाईने त्या काळात हे पुस्तक स्वतःच्या नावाने लिहिलं असतं तर तिला जगणं कठीण झालं असतं. त्या दुसऱ्या नावाने सत्य लपवलं नाही. सत्य बोलायला जागा दिली. त्या वेळी कुणी तिचा पासवर्ड मागून घेतला असता, तर आपल्याकडे ते पुस्तक नसतं.

माझ्या भाचीची दोन अकाउंट होती. पहिल्यावर गणपती, दिवाळी, नवे कपडे, झाडून सगळे नातेवाईक. दुसऱ्यावर वेगळं नाव आणि फक्त अकरा मैत्रिणी. तिथे ती चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसकट दिसायची. सायन्स झेपत नाही, घरी सांगायची हिंमत नाही, हेही तिथेच लिहायची. तिने ते मला आपणहून दाखवलं. म्हणाली, “मावशी, इथे मला छान दिसावं लागत नाही.” वक्त्यांना हे वाक्य ऐकवायला हवं होतं.

फिल्टरने मुलं खंतावतात, हे मान्य. आकड्यांनी पोळतात, हेही मान्य. पण यातला दोष मुलांच्या वेगवेगळ्या चेहऱ्यांचा नाही. कट्ट्यावरचं बोलणं पूर्वी कट्ट्यावर राहायचं, आत्यासमोरचं आत्यासमोर. आता आत्या, सर, वर्गातला टवाळ मुलगा आणि जिवाची मैत्रीण एकाच खोलीत बसवलेत आणि प्रत्येक फोटोखाली सर्वांदेखत गुण लावलेत. इन्स्टाग्राम २०१० साली आलं. लाइकचा आकडा झाकायची सोय सर्वांना मिळाली २०२१ मध्ये, तीही ज्याची त्याने शोधून चालू करायची. मधल्या अकरा वर्षांत एक पिढी वयात आली. या खोलीतून मूल एखादा कोपरा शोधतं आणि आपण त्यालाच लपवाछपवी म्हणतो.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना खाती बंद केली. ते ठीक की बेठीक हा वेगळा वाद, पण त्या कायद्याचा रोख कंपन्यांकडे आहे, पोरांच्या ढोंगाकडे नाही. आपल्या २०२३ च्या डेटा-संरक्षण कायद्याने मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई केली, त्याचं मी स्वागत करते. अठरापर्यंत पालकांची संमती हवी, हे कलम मात्र मला टोचतं. जिला घरातच बोलता येत नाही, तिने संमती कुणाकडे मागायची?

मला हवं आहे ते फार मोठं नाही. मुलांना टोपणनाव असू द्या. पासवर्ड मागू नका. कुणी धमकावलं, फोटो किंवा पैसे मागितले तर रात्री दोनलाही उठवता येईल असं एक मोठं माणूस त्यांच्या ओळखीत असू द्या. आणि त्यांची मार्कशीट स्वतःच्या स्टेटसला टाकण्याआधी त्यांना विचारा. बारशापासून त्यांचे फोटो आपणच जगाला दाखवत आलो आहोत, त्यांना न विचारता.

सभेहून घरी आल्यावर बहिणीने भाचीचा फोन मागितला. मी आड आले, वाद झाला, उपयोग झाला नाही. दुसरं अकाउंट त्याच रात्री बंद झालं. पहिलं चालू आहे. परवा त्यावर मायलेकींचा हसरा फोटो आला, मागे आकाशकंदील. एकशे चाळीस लाइक.