संरक्षण कुटी म्हणजे तुमच्या साडूचं फार्महाऊस नाही

फेब्रुवारी सरत आला की माझा फोन वाजायला लागतो. बातमीसाठी नाही. "भाऊ, तुमची फॉरेस्टात ओळख आहे ना? चार जण आहोत आम्ही. आत कुठंतरी, एकदम कोअरमध्ये, टॉवरवर नाहीतर कुटीवर एक रात्र जमवून द्या. लाईट नको, नेटवर्क नको, काहीच नको. फक्त शांतता." मग जरा थांबून, "जेवणाचं तिथले लोक पाहतील ना?"

लाईट नको, नेटवर्क नको, पण जेवणाचं तिथले लोक पाहतील. राजेहो, या एका वाक्यात आपल्याकडच्या 'ऑफ-ग्रिड' शौकाची सगळी कुंडली आहे.

मी मेळघाटच्या पायथ्याशी राहतो. वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितोय. जंगलखात्यात ओळखी आहेत, नाही असं नाही. पण त्या बातमीसाठी आहेत. यंदा असे फोन जास्तच झाले, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. प्रत्येकाला वेगळं सांगत बसणं जमत नाही.

हे वेड आलं कुठून ते आधी पाहू. रील फिरतात ना, उंच डोंगराच्या टोकावर चहूबाजूंनी काचेची लाकडी खोली, खाली ढग, आत एक स्टोव्ह आणि एक गोरं जोडपं कॉफी पितंय. त्या खोल्या अमेरिकेतल्या. 1910 च्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळालं. त्यानंतर तिथल्या वनसेवेनं शिखराशिखरावर आग बघायच्या चौक्या बांधल्या. अख्खा उन्हाळा एक माणूस त्या खोलीत राहायचा. मधोमध नकाशा लावलेलं दिशा मोजायचं यंत्र, त्यावरून धुराची जागा काढायची आणि खाली कळवायचं. पुढं विमानं आली, दळणवळण सुधारलं आणि बहुतेक चौक्या ओस पडल्या. त्यातल्या काही दुरुस्त करून सरकार आता भाड्यानं देतं.

आता नीट लक्ष द्या. ती खोली *रिकामी झाल्यावर* भाड्यानं दिली. जिथं अजून माणूस बसतो, तिथं त्या हंगामात पाहुणा घेत नाहीत. बुकिंग सगळ्यांना एकाच वेबसाइटवर. वर बहुतेक ठिकाणी पाणी नाही, वीज नाही. पाणी आपलं आपण पाठीवर न्यायचं, स्वयंपाक आपला आपण करायचा, कचरा बांधून परत आणायचा. वर भांडी घासायला कोणी नसतं. रीलमध्ये हे दिसत नाही, कारण पाण्याचा वीस लिटरचा कॅन चढवताना कोणी शूटिंग करत नाही.

आणि आपल्याकडं? आपल्याकडची कुटी रिकामी नाही. तिथं माणूस आहे. तुमच्या 'शांतते'च्या खोलीत कोणाची तरी नोकरी चालू आहे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. संरक्षण कुटी म्हणजे एक-दोन खोल्या, पुढं ओटा, छतावर सोलरची पाटी, कोपऱ्यात चूल, भिंतीवर वायरलेस. वनरक्षक आणि दोन-तीन वनमजूर. मजूर बहुतेक जवळच्या गावातले कोरकू, रोजंदारीवरचे. सोलरवर दोन दिवे लागतात, वायरलेस आणि मोबाईल चार्ज होतो. तोही मोबाईल बोलण्यासाठी नसतो, गस्तीची नोंद ॲपमध्ये भरायला असतो. नेटवर्क हवं तर टेकडी चढायची. आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी खाली उतरतं, डाळ-तांदूळ-तेल घेऊन येतं. यांचं ऑफ-ग्रिड शनिवारी सुरू होऊन रविवारी संपत नाही.

बरं, तुम्हाला यायचं असतं कधी? मार्च, एप्रिल, मे. जनावर पाणवठ्यावर येतं, दिसायची खात्री जास्त. आणि नेमका 15 फेब्रुवारी ते 15 जून हा राज्यात वणव्याचा हंगाम. आमचं जंगल सागाचं, पानगळीचं. मार्चमध्ये पाचोळा पोटरीपर्यंत येतो. त्यात एक बिडी पडली की बस. त्याआधी जाळरेषा काढायच्या असतात, म्हणजे ठरावीक पट्ट्यातलं गवत-पाचोळा आधीच जाळून मोकळा करायचा, की आग आली तर तिथं अडावी. आग लागलीच तर पाठीवर ब्लोअर घेऊन, तो नसला तर ओल्या फांद्या घेऊन धावायचं. कुटीवरच्या माणसाला वर्षातले हे चार महिने झोप कमी असते. आणि हेच चार महिने तुम्हाला त्याच्या खाटेवर झोपायचं असतं.

एका वनमजुरानं मला सांगितलेला हिशेब देतो. जागेचं नाव लिहीत नाही, त्याची रोजी जाईल. "साहेबांचे पाहुणे" आले. सहा जण, दोन गाड्या. आधी निरोप आला, गावरान कोंबडा पाहिजे. तर एक जण मोटारसायकल घेऊन कोंबड्यासाठी गेला, एक जण पाण्याला लागला, वनरक्षक पाहुण्यांना 'रोड दाखवायला' गाडीत बसला. संध्याकाळची पायी गस्त झाली नाही. रात्री पाहुण्यांना शेकोटी पाहिजे होती, एप्रिलात! यानं भीत भीत नाही म्हटलं, तर ऐकवलं, "अरे बाबा, साहेबांशी बोलणं झालंय." पेटवली. हा रात्रभर पाण्याची बादली घेऊन शेकोटीजवळ बसून राहिला. सकाळी पाहुणे गेले, बाटल्या राहिल्या. त्या यानं गोणीत भरून ठेवल्या. बक्षीस म्हणून दोनशे रुपये, तिघांत.

"त्यायले वाटते आम्ही इथं रिकामेच बसून राहतो," तो म्हणाला. एवढंच. तक्रार करायची त्याला सोय नाही.

याच मोसमात मोहफूल वेचणाऱ्या बाईनं झाडाखालचा पाचोळा पेटवला आणि आग सरकली, तर तिच्यावर गुन्हा लागू शकतो. लागावाही, आग ती आग. अभयारण्यात आग लावायला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 30 नं मनाई आहे. पण कलमात असं कुठं लिहिलंय की शेकोटी पाहुण्याची असली तर तिला धूर येत नाही? बाईच्या घरात मोहफुलाचे चार पैसे येणार असतात. पाहुण्याला स्टेटसला फोटो टाकायचा असतो.

कायद्याचं निघालंच आहे तर 1972 च्या याच कायद्याचं कलम 28 वाचा. अभयारण्यात जायची परवानगी कशासाठी देता येते त्याची यादी आहे त्यात. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. 'साडूचा मित्र' हा प्रकार मी दोनदा शोधला, नाही सापडला. पर्यटन आहे, पण ते पर्यटनाला आखून दिलेल्या भागात. व्याघ्र प्राधिकरणाच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोअरच्या जास्तीत जास्त 20 टक्के भागातच पर्यटन ठेवता येतं. उरलेला भाग मोकळा ठेवायचा. त्या उरलेल्या भागातल्या कुटीवर रात्र काढणं म्हणजे पर्यटन नाही, घुसखोरी आहे. फक्त गेट उघडून, सलाम घेऊन केलेली.

आता काही जण म्हणतील, हा माणूस पर्यटनाच्याच विरोधात आहे. अजिबात नाही. सेमाडोहला राहा, कोलकासला सिपना नदीच्या काठी राहा, चिखलदऱ्याला राहा. पैसे भरा, पावती घ्या. बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढायची रीतसर सोय अनेक ठिकाणी असते. पाणवठ्याजवळ, पूर्ण चांदण्यात, सोबत खात्याचा माणूस. (आणि त्याला 'प्राणीगणना' म्हणणं सोडा आता. वाघ कॅमेरा ट्रॅपनं मोजतात, दर चार वर्षांनी. मचाणावरच्या रात्रीला खातंच 'निसर्ग अनुभव' म्हणतं.) त्या रात्री गावातल्या पोरांना गाईड म्हणून काम मिळतं, पैसा हिशेबात येतो, खात्याची तयारी असते. माझा राग पर्यटकावर नाही, ओळखीवर आहे. ज्याची ओळख नाही तो रांगेत, बुकिंग फुल झालं की घरी. ज्याची ओळख आहे त्याला जंगल बारा महिने खुलं.

दुसरा एक युक्तिवाद मला एका शिकलेल्या गृहस्थानं ऐकवला. आता आग सॅटेलाइटनं कळते, टॉवर-कुटीचं काम संपलं, मग द्या ना भाड्यानं, अमेरिकेसारखं. सॅटेलाइटनं कळते, खरंय. भारतीय वन सर्वेक्षण संस्था आगीचे इशारे मोबाईलवर पाठवते. पण उपग्रह वरून जाईल तेव्हा त्याला दिसणार. तो जो ठिपका पाठवतो त्याची जागा पावणेचारशे मीटर लांबी-रुंदीची. आणि तो मेसेज येणार मोबाईलवर, जिथं नेटवर्क नाही अशा बीटमध्ये. म्हणजे खालच्या ऑफिसला कळणार, तिथून वायरलेसवर कुटीला, आणि कुटीवरचा माणूस पायी निघणार. सॅटेलाइट आग बघतो, विझवत नाही. तो माणूस त्या वेळी तुमचा रस्सा ढवळत असला तर?

आणि हे काम किती धोक्याचं आहे ते एकदा आठवा. 20 नोव्हेंबर 2021 ला ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी फिरणाऱ्या वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. सोबत वनमजूर होते. हातात काठी, दुसरं काही नाही. तुम्ही जिप्सीतून वाघ बघता आणि हे लोक तोच वाघ पायी बघतात, रोज. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं की जखमी-मृतांच्या बातमीत हुद्दा आधी लिहा. आमच्या भागातल्या बातम्यांत वनमजुराच्या बाबतीत हुद्दाही धड येत नाही, 'सोबतचे मजूर' एवढंच येतं.

ज्यांना अंधार फार सुंदर वाटतो त्यांना एक सांगायचं आहे. मेळघाटात आतल्या काही गावांनी वर्षानुवर्षं सौर दिव्यांवर काढली. सलग चार दिवस ढग राहिले की दिवाही गेला. वीजवाहिनी न्यायची तर जंगल आडवं येतं, मग वन संवर्धन कायद्याखाली मंजुरी, मग व्याघ्र प्रकल्पाचं म्हणणं, मग फाईल. हरिसाल 2016 च्या सुमारास 'डिजिटल गाव' म्हणून देशभर गाजलं, मोठमोठे लोक येऊन गेले. तिथून थोडं आत जा आणि मोबाईल हातात धरून टेकडीवर उभी असलेली माणसं बघा. बाळंतपणाची वेळ आलीय, गाडी बोलवायचीय, रेंज नाही. हेही ऑफ-ग्रिडच आहे. यांना कोणी विचारलं नव्हतं, लाईट पाहिजे का नको म्हणून. तीच अडचण शहरातल्या माणसाला दोन रात्रींसाठी मिळाली की तिला 'अनुभव' म्हणतात आणि तो मिळवायला वशिला लागतो.

तरीही जायचंय? जा. खरंच जा, जंगल बघितलं पाहिजे. फक्त असं करा. राहण्याची जागा पर्यटन संकुलात किंवा बफरमधल्या गावातल्या घरात घ्या, आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. पावती मिळत नसेल तर समजा की ती जागा तुमच्यासाठी नाही. पिण्याचं पाणी माणशी रोज पाच लिटर धरून स्वतः न्या, उन्हाळ्यात आतल्या टाक्यांचं पाणी टँकर नाहीतर सोलर पंपावर आणि ते जनावरांच्या वाटचं असतं. टॉर्च, साधी औषधं, ओआरएस जवळ ठेवा. घरी कागदावर लिहून ठेवा कुठल्या गेटनं गेलात आणि कधी परतणार, कारण आतून फोन लागणार नाही. बिडी-सिगारेट, काडेपेटी, दारू गाडीतसुद्धा नको. कचरा परत आणा. 'जमवून देतो' म्हणणारा कोणी भेटला, मग तो पत्रकार असो, पुढारी असो की खात्यातला निवृत्त माणूस, त्याला नाही म्हणा.

अधिकाऱ्यांनाही विचारायचं आहे. कोअरमधल्या कुट्या आणि टॉवरवर कर्मचारी सोडून रात्री कोण कोण राहिलं, कोणाच्या आदेशानं राहिलं आणि शुल्क भरलं का, याची यादी दर महिन्याला वेबसाइटवर टाकायला अडचण काय? सफारीचं बुकिंग ऑनलाइन होतं ना, मग हेही करा. वरचा फोन आला तर वनरक्षकाला तो लेखी मागता येईल असं एक साधं परिपत्रक काढा. आज त्याच्या हातात फक्त तोंडी निरोप असतो, आणि काही घडलं तर जबाब मात्र त्याचा लेखी घेतात.

हे होत नाही तोवर रस्ता आपल्याकडे आहे. माहितीचा अधिकार, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. संबंधित वन्यजीव विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं अर्ज करा आणि चारच गोष्टी मागा. मागच्या तीन वर्षांत 15 फेब्रुवारी ते 15 जून या काळात कोअरमधल्या प्रत्येक संरक्षण कुटीवर मुक्काम केलेल्या बाहेरच्या व्यक्तींच्या नोंदवहीची प्रत, परवानगीच्या आदेशाची प्रत, भरलेल्या शुल्काची पावती आणि त्याच तारखांची त्या बीटची गस्तीची नोंद. चौथी विसरू नका. पहिल्या तीन कागदांत काहीच मिळणार नाही, पण पाहुणा होता त्या संध्याकाळी गस्त कोरी दिसेल.

माझा अर्ज सोमवारी जातोय.