सुट्टीचा दिवस : तळ्याकाठची वही

रविवार उजाडला की मुले विचारतात, आज कुठे जायचे? ज्याला आठवड्यातून एकच सुट्टी, त्याला हा प्रश्न सोपा नसतो. चौघांनी सिनेमाला जायचे तर आठवड्याच्या भाजीचे पैसे जातात. मॉलमध्ये फुकट शिरता येते, पण बाहेर पडेपर्यंत खिसा हलका होतोच. म्हणून गेली काही वर्षे आम्ही खारघरकर कुटुंब सुट्टीच्या दिवशी पाण्याकडे जातो. कधी पायी, कधी जुन्या सायकलींवर. डब्यात चपाती-भाजी, बाटलीत घरचे पाणी. आज त्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत, आणि एक गोष्ट जरा कळकळीने.

खारघरच्या नावातच खार आहे. खार म्हणजे भरतीचे पाणी पोचणारी खारट जमीन. सिडको आली १९७० साली. त्याच्या कितीतरी आधीपासून या पट्ट्यातल्या आगरी-कोळी माणसांनी बांध घालून खारे पाणी अडवले, भात पिकवला, मीठ काढले, खाडीत मासे धरले. पुढे सेक्टर पडले, इमारती उठल्या. खाडी मात्र आहे तिथेच आहे. खारघरहून मानसरोवरकडे निघालेल्या लोकलच्या खिडकीतून पाहा, तिवरांचे हिरवे रान दिसेल. रोज कामावर जाता-येता आपण त्याच्या बाजूने जातो, पण बसायला जागा मिळाली का, एवढेच पाहतो.

या तिवरांच्या मुळ्या चिखलातून वर डोके काढतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड श्वास घ्यायला मुळी वर पाठवते. त्या मुळ्यांच्या आडोशाला कोळंबी वाढते, चिंबोरी लपते, निवटे उड्या मारतात. भरतीचा जोर तिवरे अंगावर घेतात. पाणथळ जागा पावसाचे पाणी पोटात साठवून सावकाश सोडते. २६ जुलै २००५ कोण विसरेल? त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी पाण्याला थांबायला जागा नसेल तर ते घरात शिरते, आणि आधी शिरते ते तळमजल्याच्या खोलीत नि झोपडीत. दहाव्या मजल्यावर नव्हे. म्हणून तळे-खाडी हा केवळ पक्षी पाहणाऱ्या हौशी लोकांचा विषय नाही.

आता कुठे जावे, ते सांगतो.

पहिली फेरी लोकलची. खारघरहून बेलापूर आणि पुढचे स्टेशन सीवूड्स-दारावे. तिथून पायी अर्ध्या-पाऊण तासात नेरूळच्या खाडीकाठच्या तळ्यांशी पोचता येते. हिवाळ्यापासून उन्हाळा संपेपर्यंत तिथे रोहित पक्षी दिसतात. लांब पाय, वाकडी चोच, गुलाबी पंख. यातले बरेच गुजरातच्या कच्छकडून येतात. हा गुलाबी रंग त्यांना खाण्यातून मिळतो, पाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक जीवांतून. जवळच्या ठाणे खाडीत २०१५ साली त्यांच्यासाठी अभयारण्य झाले आणि २०२२ साली त्या खाडीला रामसर स्थळाचा मान मिळाला. रामसर हे इराणमधले गाव. तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा राखण्याचा जागतिक करार झाला. महाराष्ट्रात हा मान आधी नाशिकच्या नांदूर मधमेश्वरला आणि बुलढाण्याच्या लोणारला मिळाला होता.

रोहित पाहायला कधी जावे? ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात, भरतीला तळ्यांवर येऊन उभे राहतात. म्हणून तळ्यावर भरतीच्या वेळी जावे. भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. कोळी बांधवांचा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या आसपास पूर्ण भरती. खाडीच्या आत पाणी जरा उशिरा चढते. पौर्णिमेला सकाळी विहारातून वंदना करून निघालात तर वेळ नेमकी साधते.

दुसरी फेरी सायकलची. पनवेल हे तळ्यांचे गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे ही तळी एका सकाळी पाहून होतात. सायकल जुनी चालेल, पण ब्रेक नवे हवेत. महामार्गावर मुलांना नेऊ नका, आतले रस्ते धरा आणि उन्हे चढायच्या आत परता.

तिसरी फेरी एसटीची. पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या गाडीने कर्नाळ्याला उतरावे. १९६८ पासूनचे हे पक्षी अभयारण्य आपल्याच तालुक्यात आहे. तिथे तळे नाही, पण घनदाट झाडी आहे आणि वर किल्ला आहे. एक सूचना मात्र घरातल्या तरुण पोरांसाठी. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकड्याकडे फिरकू नका. तिथे बंदी उगाच घालत नाहीत. त्या पाण्याने पोरांचे जीव घेतले आहेत.

आता ती कळकळीची गोष्ट.

आमच्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर एक डबके होते. डबकेच म्हणावयाचे, तळे म्हणण्याएवढे मोठे नव्हते. त्याला नावही नव्हते. पण तिथे टिबुकली बुडी मारायची, वंचक काठावर मौनात उभा असायचा, थंडीत शेकाटे यायचे. आमच्या मुलीने आठवीत असताना शाळेच्या उरलेल्या कोऱ्या पानांची एक वही शिवली. दर रविवारी ती तारीख लिहायची, पाणी कुठवर आहे ते लिहायची आणि दिसलेले पक्षी मोजायची. नाव माहीत नसेल तर चित्र काढायची. आमच्या सौ. तिला म्हणायच्या, "अगं, यावर मार्क मिळणार आहेत का?"

एका वर्षी पावसाळ्यानंतर गेलो तर काठावर राडारोड्याचे ढीग. डंपर येत होते, रिकामे होऊन जात होते. आम्ही अर्ज लिहून एका कार्यालयात गेलो. टेबलामागच्या साहेबांनी नकाशा पाहिला नि म्हणाले, "इथे पाणी होते याला पुरावा काय?"

आम्हाला उत्तर सुचेना. इतकी वर्षे डोळ्यांनी पाहिलेले पाणी, पण कागदावर काही नाही. तेवढ्यात मुलीने दप्तरातून वही काढून टेबलावर ठेवली. तीन वर्षांचे रविवार. साहेबांनी चार पाने उलटली. मग शिपायाला सांगितले, "याच्या झेरॉक्स काढून अर्जाला जोडा." पुढे पाहणी झाली, डंपर थांबले. पण तोवर अर्धे डबके गेले होते. ते अर्धे परत आले नाही. उरलेल्या अर्ध्यात टिबुकली अजून येते.

कायदा आपल्या बाजूने नाही असे नाही. तिवरे तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी बंदी कायम केली. पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत. तक्रारी ऐकण्यासाठी न्यायालयाच्या आदेशाने कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या गेल्या. पण कायद्याला पाय नसतात. कुणीतरी जावे लागते, पाहावे लागते, लिहून ठेवावे लागते.

हे आपल्याला नव्याने शिकवण्याची गरज नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात महाड आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी तीन वर्षे तळे बंदच होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा तो कागद जिवंत झाला. त्या लढ्याशी आमच्या रविवारच्या फेरफटक्याची बरोबरी मुळीच नाही. तिथे माणसाच्या माणूसपणाचा प्रश्न होता आणि लोकांनी डोकी फोडून घेतली. आम्ही एवढेच म्हणतो की सार्वजनिक पाणी आपले आहे असे नुसते म्हणून ते आपले होत नाही. तिथवर चालत जावे लागते.

तेव्हा वाचकहो, येत्या सुट्टीला घराजवळचे एखादे पाणी शोधा. नाव नसेल तरी चालेल. मुलांच्या हातात एक वही द्या. तारीख, जागा, पाणी कुठवर, पक्षी किती, एवढेच लिहायला सांगा. फोटो काढलात तर तो तारखेसह जपून ठेवा. पक्ष्यांना खाऊ घालू नका, पिशव्या टाकू नका, चिखलात उतरू नका.

आमची मुलगी आता कॉलेजात आहे. वही तिच्या धाकट्या भावाकडे आली आहे. त्याचे अक्षर वाईट आहे, पण तारीख टाकायला तो विसरत नाही.